मुलांना घरी पोचवणारा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. लगेच नाक मुरडू नका! दोर म्हटलं की तुम्हाला विहिरीवरची बादली आठवते, नाहीतर वाळत घातलेले कपडे. मी त्यातला नव्हे. मी शाळेत नोकरी केली आहे. वसईत सांडोरच्या बाजूला, केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांमध्ये एक गाव आहे, तिथल्या मिशनच्या प्राथमिक शाळेत. लहान मुलांना सुखरूप घरी पोचवणं हे माझं काम होतं, आणि ते मी शिपायापेक्षा चांगलं केलं असं माझं स्पष्ट मत आहे. श्रीपत शिपायाला हे पटणार नाही. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं!

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फार काही आठवत नाही. खूप उकडायचं आणि कानठळ्या बसवणारा आवाज असायचा. नायलॉनच्या धाग्यांना पीळ देऊन त्यांचे पेड केले, पेड एकमेकांत वळले आणि मी तयार झालो. हिरवागार, गुळगुळीत आणि तगडा. तिथून मी अर्नाळ्याच्या एका दुकानात आलो. चंद्रहास नावाच्या कोळ्याने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, वास घेतला, पुन्हा ताणलं आणि मला विकत घेतलं. त्याच्या होडीच्या नांगराला मला बांधलं.

ते माझे ऐन उमेदीचे दिवस होते. समोर बेटावरचा किल्ला, खाली खारं पाणी, आणि एवढी मोठी होडी माझ्या भरवशावर उभी! एकदा असं तुफान आलं की शेजारच्या होड्यांचे दोर तटातट तुटले. मी तुटलो नाही. सकाळी चंद्रहासने सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "या दोराने माझी होडी राखली." तेव्हापासून माझ्या डोक्यात जरा हवा गेलेलीच आहे.

पण खडकावर घासून घासून माझं एक टोक विरलं. चंद्रहासने नवा दोर आणला आणि मला अंगणात टाकलं, बोंबील वाळत घालायच्या मांडवाखाली. गावातल्या यच्चयावत मांजरी माझ्यावर येऊन झोपू लागल्या. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! एवढी होडी राखली आणि आता मांजरींचं अंथरूण!

तिथून मला बाहेर काढलं चंद्रहासच्या बायकोने, जयवंतीने. ती डोक्यावर पाटी घेऊन वाड्यांमधून मासे विकायला यायची आणि या शाळेच्या फाटकाशी घटकाभर टेकायची. गेल्या शतकाची शेवटची काही वर्षं होती ती. स्टेशनकडे एकामागून एक बिल्डिंगा उठत होत्या. त्यांच्यासाठी माती वाहणारे डंपर गावातल्या अरुंद रस्त्यावरून सुसाट धावत. पूर्वी मुलं घोळक्याने घरी जायची. कुणी चिंचा पाडायचं, कुणी बेडकाच्या मागे लागायचं. एका दुपारी एका मुलाचं दप्तर डंपरच्या चाकाखाली आलं. मुलगा वाचला, पण शाळेच्या मटिल्डा मावशीने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिला रात्रभर झोप लागली नाही.

मटिल्डा मावशी म्हणजे शाळेत पोरांची नाकं पुसणारी, पडलेल्याला उचलणारी, डबा उघडून देणारी बाई. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. दुसऱ्या दिवशी तिने फाटकाशी जयवंतीला सगळं सांगितलं. "रांग करून नेते गो, पण कोपऱ्यापर्यंतसुद्धा रांग टिकत नाही."

"मंग दोराला धरून चालव ना!" जयवंती म्हणाली. "आमी पान्यात होडी राखतो, तू रस्त्यावर पोरं राख. अंगनात दोर पडलाय आमच्या. उद्या आनते."

आणि खरंच आणलं. पापलेटांच्या खाली, पाटीत घालून! मुख्याध्यापिका सिस्टर आल्बिना यांनी नाकाला रुमाल लावूनच माझं स्वागत केलं. मटिल्डा मावशीने मला सोड्याच्या पाण्यात भिजवलं, घासलं, पुन्हा भिजवलं. मग माझ्या अंगावर हातभर अंतराने गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीवर जुन्या गणवेशाचं निळं कापड शिवलं, म्हणजे कोवळ्या तळव्यांना काचायला नको. पहिली-दुसरीतल्या प्रत्येक मुलाला एक गाठ मिळाली. "माझी गाठ, माझी गाठ" करत पोरं जी नाचली, ते पाहून मी मांजरी साफ विसरलो.

दुपारी शाळा सुटली की आमची वरात निघायची. पुढचं टोक मटिल्डा मावशीच्या हातात, मागचं श्रीपतच्या. मध्ये किलबिल. डंपर आला की मावशी हात वर करून "थांबा!" ओरडायची. आम्हाला नाही, डंपरला. आणि डंपर थांबायचा. प्रत्येक मुलाच्या फाटकाशी आम्ही उभे राहायचो. घरातलं कुणीतरी बाहेर यायचं, मुलाचा हात माझ्यावरून उचलून आपल्या हातात घ्यायचं, आणि मगच आम्ही पुढे निघायचो.

हा नियम शाळेच्या कमिटीने केला होता. मी सिस्टरांच्या ऑफिसात खुंटीवर टांगलेला असायचो, त्यामुळे ती सभा मी शब्दन् शब्द ऐकली. गावात नवे चेहरे वाढले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा उठली होती. कमिटीवर पॉल नावाचे एक केळीवाले होते. मोठी वाडी, शेजारीच केळी पिकवायची वखार, रविवारी चर्चच्या मिस्सात, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, खणखणीत आवाजात बायबलचं वाचन करणार, चर्चच्या सणाच्या मिरवणुकीत क्रूसाच्या मागे पहिले चालणार. माणूस वजनदार. ते म्हणाले, "बाहेरच्याच्या हाती पोर द्यायचं नाही. आपल्या ओळखीचा, घरचा माणूस असेल तरच द्यायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते अगदी पटलं.

मटिल्डा मावशी नियमाची इतकी पक्की, की नव्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या जितेशच्या बाबांचे तिने हाल केले. जितेंद्र त्यांचं नाव. रात्रपाळीची नोकरी, म्हणून मुलाला घ्यायला स्वतः खाली यायचे. मावशी रोज विचारायची, "आपण कोण?" शेवटी ते बिचारे रेशन कार्ड घेऊन खाली आले. आम्ही सगळे खो खो हसलो. पॉलना मात्र "आपण कोण" असं कुणी कधी विचारलं नाही. आपल्याच गावचा माणूस, त्याला काय विचारायचं?

आता टिफनीबद्दल सांगतो. टिफनी पहिलीत होती. तिचे बाबा रोनाल्ड आखातात नोकरीला आणि आई सुझान मुंबईत एका ऑफिसात. आई संध्याकाळी परतायची. म्हणून शाळा सुटल्यावर टिफनी तिच्या बाबांच्या थोरल्या भावाकडे जायची. तो थोरला भाऊ म्हणजे हेच पॉल; काकी दुपारभर बाजारात केळी विकायला बसायची.

मित्रांनो, माणसांचे चेहरे मला फारसे कळत नाहीत, पण हात मला कळतात. आयुष्यभर तेच तर केलं! जितेशचा हात कायम चिकट असायचा. त्याच्या खिशातल्या गोळ्या खिशात कमी आणि माझ्यावर जास्त असायच्या. एक मुलगी माझ्या गाठीचं कापड चघळायची, तिला मी माफ केलं आहे. टिफनीचा हात आधी हलका होता. ती चालता चालता गाणी म्हणायची आणि माझ्यावर बोटांनी ताल धरायची. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तो ताल थांबला. केळीची वाडी जवळ आली की तिची मूठ आवळू लागायची. फाटक दिसलं की ती मला इतकी घट्ट धरायची की तिची नखं कापडातून आत टोचायची.

मला ते कळत होतं. मी बोलणार कसा? दोराला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

मोठ्या माणसांना काहीच दिसत नव्हतं असं नाही. टिफनी खोकायची. तिच्या केसांना, गणवेशाला धुराचा वास यायचा. पण केळी पिकवायला वखारीत धुरी देतात हे गावात कुणाला ठाऊक नाही? "वखारवाल्यांच्या घरची पोर, वास येणारच," असं एक शिक्षिका दुसरीला म्हणाली आणि दोघी पुढे गेल्या. टिफनी फाटकाशी हात सोडेना, तेव्हा मटिल्डा मावशी हसून म्हणाली, "सोड गो बाय, दोराशी लग्न लावायचंय का तुझं? काका उभा आहे बघ."

"लाडावली आहे," पॉल हसत म्हणाले आणि त्यांनी तिची बोटं माझ्यावरून एकेक करून उचकटली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. रोज असंच चालायचं. मागची पोरं ताटकळत उभी असायची आणि मला संतापाने पीळ पडायचे. टिफनी दोन-तीनदा पुटपुटली होती, "मावशी, नको ना." डंपरच्या धडधडाटात ते मावशीला ऐकू गेलं नाही.

मग तो दिवस उजाडला. शाळा सुटली, मुलांनी आपापल्या गाठी पकडल्या. टिफनीने वेणीची लाल रिबीन सोडली आणि चालता चालता तिने आपलं मनगट माझ्या गाठीला बांधायला सुरुवात केली. एका हाताने आणि दातांनी. मी समुद्रावरचा दोर, उत्तमोत्तम गाठी पाहिलेला. ती गाठ भलतीच ओबडधोबड होती. एकावर एक, एकावर एक, हाती येईल तसं गुंडाळलेलं. पण बांधली होती अशी, की चंद्रहासलासुद्धा सुटली नसती.

वाडीच्या फाटकाशी पॉल उभे होते. त्यांनी हात पुढे केला. हात निघेना. त्यांनी ओढलं. टिफनीबरोबर मी ओढला गेलो, माझ्याबरोबर मागची पोरं ओढली गेली आणि जितेश धपकन खाली बसला.

"हा काय चावटपणा?" पॉल म्हणाले. ते वाडीतून आले होते, कमरेला कोयता होता. रिबीन कापायला त्यांनी तो काढला.

टिफनी किंचाळली नाही. तिने डोळे गच्च मिटले आणि ती माझ्यावर पालथी पडली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. त्या क्षणी मटिल्डा मावशीला कळलं. तिचा हात माझ्या पुढच्या टोकावर होता, ती थरथर तिच्या हातापर्यंत पोचली. तो लाडावलेल्या पोरीचा हट्ट नव्हता, ती भीती होती.

"पॉल, कोयता खाली ठेव," मावशी म्हणाली.

"अगं, रिबीन कापतोय."

"खाली ठेव म्हणते ना! पोरीने बांधलंय, पोरगीच सोडेल. तोवर मी तिला देणार नाही."

"माझ्या भावाची पोर आहे ती! घरचा माणूस आहे मी. नियम मीच केलाय!"

"मग आज तो मी मोडते," मावशी म्हणाली. "जा, सिस्टरांकडे माझी तक्रार कर."

तिने उरलेल्या मुलांना श्रीपतच्या हवाली केलं. टिफनीला कडेवर घेतलं आणि ती उलटी शाळेकडे निघाली. माझं शेपूट धुळीत फरफटत होतं. वादळात होडी राखली तेव्हासुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

सिस्टर आल्बिना ऑफिसात होत्या. मावशीने धापा टाकत सांगितलं. मला वाटलं, आता सिस्टर कात्री काढणार. त्यांनी काढली नाही. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पांढऱ्या झग्यासकट सरळ जमिनीवर बसल्या, टिफनीच्या समोर. "गाठ तुझी आहे," त्या म्हणाल्या. "तुला वाटेल तेव्हा सोड. मला काही घाई नाही."

मावशीने पाणी आणलं. टिफनीने एका हाताने पेला धरला, दुसरा हात माझ्यावरच होता.

"मला वखारीत नाही जायचं," ती म्हणाली.

सिस्टरांनी "का गं" असं विचारलं नाही. "मी ऐकते आहे," एवढंच म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भात सांडला की काका वखारीत कोंडायचा. अभ्यासात चूक झाली की कोंडायचा. रडलं तर जास्त वेळ. बाहेरून कडी. आत अंधार आणि धूर, डोळे चुरचुरतात, श्वास घेता येत नाही. आणि काका म्हणाला होता की आईला सांगितलंस तर आईला नोकरी सोडावी लागेल आणि ते तुझ्यामुळे होईल. म्हणून ती गप्प राहिली होती. एवढीशी पोर, आईची नोकरी सांभाळत होती हो! मी नायलॉनचा, मला रडता येत नाही. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

सिस्टर म्हणाल्या, "टिफनी, तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीही चूक नाही. आता मी हे कुणालाच सांगणार नाही असं तुला म्हणणार नाही, कारण तुला जपायचं तर दोघा-तिघांना सांगावं लागेल. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. पहिला फोन तुझ्या आईला करते. चालेल?"

टिफनीने मान डोलावली. सिस्टरांनी तिच्या समोरच फोन लावला.

आई पोचायच्या आधी पॉल आले. बरोबर कमिटीतले एक वयस्कर सभासद. टिफनी माझ्यासकट टेबलाखाली शिरली. मावशी दारात जाऊन उभी राहिली आणि दार तिने चांगलंच भरलं.

सभासद समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, घरातली गोष्ट आहे. गावात उगाच बोभाटा होईल. पॉलसारखा माणूस आहे, पोरगी घरी जाऊ द्या, मग बसून बोलू."

"बसून बोलूच," सिस्टर म्हणाल्या. "पोरगी जाणार नाही."

"कोंडलं म्हणून काय झालं?" पॉल एकदम उसळले. "माझ्या बापाने मला याच वखारीत कोंडलं होतं. मी मेलो का?"

"मेला नाहीस, पॉल," सिस्टर म्हणाल्या. "पण अजून विसरलेलाही नाहीस."

सभासदांनीच शेवटी पॉलचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं.

सुझान आली ती पर्स छातीशी धरून, धावत. सिस्टरांनी सगळं सांगितलं. आधी तिला खरंच वाटेना. "पॉलदादा? नाही हो सिस्टर, ते कडक आहेत, पण..." मग ती थांबली. तिचा चेहरा पाहवेना. "मी रोज रात्री तिचे केस धुते," ती म्हणाली. "धुराचा वास जात नाही म्हणून. रोज धुते आणि रोज तिला ओरडते, कुठे खेळत असतेस म्हणून." ती तिथेच मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

टिफनी टेबलाखालून बघत होती. "आई, तुझी नोकरी गेली?" तिने विचारलं.

"नाही गं राणी. कुठे जात नाही नोकरी."

"मग मी उद्या कुठे जाऊ?"

खरा प्रश्न तोच होता. सुझानचा नवरा परदेशात, माहेर लांब, सासर म्हणजे पॉलच. उत्तर सिस्टरांनी दिलं. शाळेची पडवी उद्यापासून संध्याकाळपर्यंत उघडी राहील. मटिल्डा मावशी थांबेल, जेवण शाळेत. "आणि एकट्या टिफनीसाठी नाही. ज्याचे आई-बाबा उशिरा येतात, त्या प्रत्येकासाठी. हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं." मग म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडून तिची छाती तपासून घेऊ. पोलीस पाटलांना मी आजच कळवते. हे झाकून ठेवायचं नाही."

सुझानने डोळे पुसले, टेबलापाशी बसली आणि हात पुढे केला. ओढलं नाही, नुसता हात उघडा ठेवला. टिफनीने रिबीन दातात धरली. गाठ इतकी आवळली होती की सुटेना. मावशी पुढे झाली, तर टिफनी म्हणाली, "मीच." आणि तिने ती सोडली. मनगटावर लाल वळ उठला होता. एक क्षण तिचा मोकळा हात माझ्यावर तसाच राहिला, मग तो उचलला आणि आईच्या हातात गेला. तिने तो स्वतः उचलला, मित्रांनो. त्या हाताचा भार जाणवला नाही इतका तो हलका होता.

दुसऱ्याच आठवड्यात सिस्टरांनी पालकांची सभा घेतली आणि नियम बदलला. फाटकाशी घरचा माणूस उभा असला तरी मटिल्डा मावशी मुलाला विचारेल, "सोडतोस? सोडतेस?" मुलाने "हो" म्हणून स्वतः हात सोडला, तरच पुढे. कुणीही बोटं उचकटायची नाहीत. सभेत कुजबुज झाली. "पोरांना विचारून का घर चालतं?" असं एकजण म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "घर तुम्ही चालवा. शाळेचा दोर आम्ही चालवू."

सुरुवातीला पोरांनी आम्हाला भंडावून सोडलं हे खरं आहे. जितेश तर एक दिवस हात सोडायलाच तयार नाही. मावशी त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच विचारलं. पठ्ठ्याने परीक्षेत भोपळा मिळवला होता, म्हणून घरी जायचं नव्हतं! जितेंद्र खाली आले, त्यांनीही बैठक मारली, भोपळ्याचं काय ते बोलून घेतलं आणि मग जितेशने हात सोडला. मावशी नंतर म्हणाली, "दहा पोरांनी नाटक केलं तरी चालेल मला. अकराव्याला विचारायचं राहून जायला नको."

पॉल कमिटीतून बाहेर पडले. पोलीस पाटलांनी त्यांच्याकडून लेखी कबुली घेतली आणि वखारीच्या दाराची बाहेरची कडी स्वतः उभं राहून काढून घेतली. गावात त्यांची मान खाली गेली. टिफनीचा खोकला हळूहळू गेला. पडवीत मुलं वाढत गेली आणि संध्याकाळी तीही मला धरूनच घरी जायची. काही काळाने टिफनीची बोटं पुन्हा माझ्यावर ताल धरू लागली, तेव्हा मी इतका खूश झालो की श्रीपतलासुद्धा मनातल्या मनात बरं म्हणून टाकलं.

पुढच्या वर्षी, सणाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही वाडीवरून जात होतो. पॉल फाटकाशी उभे होते. वर्षभरात माणूस खंगला होता. हातात पिकलेल्या राजेळी केळ्यांची फणी होती. मावशीने दोर थांबवला, पण ती टिफनीच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. रस्त्यावर सणाची झालर बांधणारे लोक होते, तेही थांबून बघू लागले.

"टिफनी, माझं चुकलं," पॉल म्हणाले. त्यांचा आवाज मिस्सातला नव्हता, अगदी बारीक होता. "सणाचं जेवण आमच्याकडे आहे. काकी वाट बघते. येतेस?"

झालरवाल्यांपैकी कुणीतरी कळवळून म्हणालं, "जा गो बाय, एवढं म्हणतो आहे." दुसरा म्हणाला, "सणासुदीला कुणाला परतवू नये." सगळ्यांना पॉलची दया आली होती. खरं सांगतो, मलाही आली होती.

मटिल्डा मावशीने कुणाकडे पाहिलं नाही. ती टिफनीकडे वळली आणि रोजच्यासारखंच विचारलं, "सोडतेस?"

टिफनीने पॉलकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"बरं," मावशी म्हणाली आणि तिने दोर पुढे ओढला. टिफनीला कुणी रागावलं नाही. पॉलनी मान हलवली आणि ते बाजूला झाले. आम्ही चालू लागलो. टिफनीची मूठ माझ्यावर होती, पण नखं टोचत नव्हती.

मित्रांनो, आता शाळेला व्हॅन आली आहे. मुलं रिक्षांतून, गाड्यांतून येतात-जातात. मी सामानाच्या खोलीत असतो. स्नेहसंमेलनाला माझ्याकडून मांडव बांधून घेतात, खेळाच्या दिवशी रस्सीखेच खेळतात आणि पुन्हा कोपऱ्यात टाकतात. गाठींवरचं निळं कापड उंदरांनी कुरतडलं आहे. मला वापरा असं माझं मुळीच म्हणणं नाही. व्हॅन चांगली आहे, वापरा.

माझं म्हणणं मोठ्या माणसांना आहे. तुमच्या फाटकाशी, व्हॅनच्या दारात, कुणाच्या पाहुणचारात एखादं मूल हात सोडत नसेल, तर हसू नका आणि त्याची बोटं उचकटू नका. त्याच्या उंचीला खाली बसा आणि विचारा. आणि मुलांनो, तुम्हाला सांगतो. समोर कितीही ओळखीचा, कितीही मोठा, कितीही चांगलं वाचन करणारा माणूस असो, मनात भीती असेल तर "नाही" म्हणा. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. कुणीतरी जमिनीवर बसून तुमचं ऐकेपर्यंत सांगत राहा, आणि तोवर हात सोडू नका.